कवाडाबाहेरची लेक

गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. मला जिने सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं. मुलांनो, तुम्ही पुढे बसा. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान इकडे ठेवा, कारण ही गोष्ट मुलांपेक्षा तुमच्याच कामाची आहे.

डोंगरांच्या मधोमध एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठी एक गाव. गाव शिंगाड्यांवर जगायचं. पावसाळा सरला की तळ्यावर शिंगाड्याच्या वेली पसरायच्या. मग बाया-माणसं छातीभर पाण्यात उतरायची आणि वेली उचलून शिंगाडे तोडायची. शिंगाड्याला काटे असतात. तोडणाऱ्यांचे हात कायम ओरबाडलेले असत, आणि गावात कोणाला त्याचं काही वाटत नसे.

या गावाची एक वेगळी रीत होती. मेल्यावर आपण कुठे जायचं, ते माणसाने जिवंतपणीच सांगून ठेवायचं. स्वर्ग हा शब्द त्यांना फार मोठा वाटे. ते म्हणत, पुढचं घर. गावात एक चितारीण होती. तिच्यासमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि आपलं पुढचं घर कसं असावं ते बोलायचं. बोलेल तसं ती पांढऱ्या कापडावर रंगवायची. गेरू, हळद, काजळी, पळसाची फुलं, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवलेलं. त्यामुळे हे पट पाण्यापासून फार जपावे लागत. एक वाटी सांडली तर स्वर्ग वाहून गेलाच म्हणून समजा.

चितारीण आपल्या पदरचं काही घालायची नाही आणि कोणाला कसली आठवणही करून द्यायची नाही. तसा नियमच होता. ती फक्त विचारायची, "आणखी कोण?" सांगणाऱ्याने "भरलं" म्हटलं की तिचा कुंचला खाली. भरलेल्या पटावर पुन्हा रेघ ओढायची नाही. माणूस गेलं की तोच पट त्याच्या अंगावर पांघरायचा. जे पटावर आहे तेच पुढे मिळणार, जे नाही ते नाही, अशी गावाची पक्की समजूत होती.

गमतीही व्हायच्या. एका आजोबांनी लाडवांची कोठारं सांगितली, दुधाची विहीर सांगितली, गाद्यागिरद्या सांगितल्या आणि प्यायचं पाणी सांगायला विसरले. शेवटपर्यंत गाव त्यांना चिडवत होतं. एका सुनेने आपल्या पुढच्या घरात सासूला जागा दिली, पण पार परसात, गोठ्याच्याही पलीकडे. पट पाहून सासूने वर्षभर अबोला धरला. सून म्हणे, मला तर स्वर्ग इथेच मिळाला.

हसा, पण जरा विचारही करा. तुम्हाला असं कोणी समोर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले, तर तुम्ही काय सांगाल? आणि त्याहून अवघड म्हणजे, कोणाकोणाचं नाव घ्याल?

या गावात एक बाई राहायची. नवरा तापाने गेला तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं होती, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगा हसरा, बडबड्या, आईच्या गळ्यात पडणारा. मुलगी अबोल. एके दिवशी मुलगा शिंगाडे तोडायला तळ्यात उतरला. त्याचे पाय वेलींत अडकले. माणसं धावली, पण त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलाचे दिवस झाले आणि आई चितारणीच्या दारात जाऊन बसली. धाकटी तिच्या मागोमाग आली होती.

चितारीण म्हणाली, "एवढी घाई कशाला बाई? तुझं वय काय आहे?"

"मला आता इथलं काही बघायचं नाही," आई म्हणाली. "मला तिथलं काढून दे. निदान बघत तरी बसेन."

तिने डोळे मिटले आणि बोलायला लागली. एक अंगण काढ. सारवलेलं. मधोमध पेरूचं झाड काढ, त्याला झोका. माझा लेक झोक्यावर बसलाय. त्याचे बाबा दोरीची गाठ घट्ट करतायत. मी ओट्यावर बसून दोघांना बघतेय. भोवती उंच कुंपण काढ आणि कुंपणाला कवाड. कवाडाला आतून कडी घाल, म्हणजे माझा लेक पुन्हा बाहेर जाणार नाही. आणि तळं काढू नकोस. तळ्याचा एक थेंबसुद्धा नको.

चितारणीने काढलं. मग तिने विचारलं, "आणखी कोण?"

धाकटी तिथेच बसली होती, आईच्या गुडघ्याला टेकून. चितारणीची नजर तिच्याकडे गेली. नियम होता म्हणून ती बोलली नाही. तिने एवढंच केलं, की पुन्हा एकदा विचारलं, "आणखी कोण गं बाई?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "भरलं."

आता तुम्ही म्हणाल, काय आई ही! मी तिला वाईट म्हणणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिचं तर सगळं जळालं होतं. जे हरवलं ते तिने मागितलं. जे गुडघ्याला टेकून बसलं होतं ते हरवलेलं नव्हतं, म्हणून ते मागायचं तिच्या मनातही आलं नाही. पण मुलीने ऐकलं. लहान मुलं सगळं ऐकतात, आणि ऐकलेल्याचा अर्थ आपला आपण लावतात.

बाकीची माणसं आपले पट पेटीत घडी करून ठेवत. या आईने आपला पट भिंतीवर लावला, अगदी चुलीसमोर. त्यानंतर ती त्या भिंतीची होऊन गेली. संध्याकाळी पटासमोर दिवा लावायची आणि बसायची. पटाशी बोलायची. "आज थंडी आहे रे राजा, उघडा बसू नकोस," म्हणायची. पहिलं वाढलेलं ताट पटासमोर ठेवायची. तळ्याकडे तर तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. तळ्याचं नाव काढलं तरी ती कानांवर हात ठेवायची.

पण पोट तर तळ्यावरच होतं. मग तळ्यात कोण उतरणार? धाकटी उतरली. तिचा भाऊ जिथे बुडाला त्याच पाण्यात ती रोज भीत भीत उतरायची. पहिल्यांदा टोपलीभर शिंगाडे घेऊन ती घरी आली तेव्हा तिचे हात रक्ताने माखलेले होते. तिला वाटलं होतं, आई हात बघेल, फुंकर घालेल, निदान ओरडेल तरी. आई पटासमोर बसली होती. मान न वळवता म्हणाली, "तिथे ठेव." मुलीने टोपली ठेवली, हात धुतले आणि चूल पेटवली.

एकदा तिने धीर करून विचारलं, "आई, पुढच्या घरी मी कुठे गं असेन?"

आई म्हणाली, "तू काय, तू आहेसच की."

आईला वाटलं, आपण उत्तर दिलं. मुलीने ते उत्तर मनात ठेवून दिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, कामाला वाघीण, बोलायला कमी. डोंगरापलीकडच्या गावातून तिला मागणी आली. माणसं बरी होती. लग्न ठरलं.

डोंगरापलीकडे पटाची रीत नव्हती. म्हणून परगावी जाणाऱ्या मुलीने जाण्याआधीच आपलं पुढचं घर सांगून जायचं, असं गावाने ठरवलेलं होतं. पाठवणीच्या वेळी तो पट दोन्ही घरच्या माणसांसमोर उलगडायचा आणि मग तिच्या पेटीत ठेवायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी चितारणीकडे गेली. चितारीण आता म्हातारी झाली होती. तिने कापड पसरलं आणि म्हणाली, "मीट डोळे, पोरी. काय काढू?"

"आमच्या भिंतीवर आहे तेच काढा. अंगण, पेरूचं झाड, झोका. झोक्यावर दादा. बाबा गाठ बांधतायत. आई ओट्यावर."

"कुंपण?"

"उंच. कवाडाला आतून कडी."

चितारीण काढत गेली. मग थांबली. "आणि तू?"

खरं तर असं विचारायची रीत नव्हती. पण म्हातारपणी माणूस एखादा नियम मोडतो.

"मला कवाडाबाहेर काढा," मुलगी म्हणाली. "कुंपणाच्या फटीतून आत बघता येईल अशी."

चितारणीने कुंचला खाली ठेवला. "हे तुझं पुढचं घर आहे, पोरी. आईचं नाही. तुला हवं ते माग. महाल माग, बाग माग. स्वतःच्या घराबाहेर स्वतः उभी, असं मी आयुष्यात काढलेलं नाही."

मुलगी म्हणाली, "मला त्यांच्याशिवाय दुसरं घर सुचत नाही, आजी. पण तिथे आईला मी नकोय. मी आत गेले तर तिचं घर मोडेल. बाहेरून सगळे दिसत राहतील, तेवढं मला पुरे. भरलं."

चितारणीने डोळे पुसले आणि सांगितलं तसं काढलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणं झाली. बैलगाड्या जुंपल्या. मांडवात दोन्ही घरची माणसं गोळा झाली आणि चितारणीने पट उलगडला.

माणसं पुढे सरसावली. रंग सुरेख उतरले होते. नवऱ्या मुलाचा बाप भोळा माणूस. त्याला या रितीचं अप्रूप वाटत होतं. त्याने जवळ जाऊन निरखून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "वा! घर छान आहे. पण ही बाहेर कोण उभी? भिकारीण आहे का कोणी? हिला आत तरी घ्या."

गावातल्या प्रत्येकाने त्या आईच्या भिंतीवरचा पट पाहिला होता. प्रत्येकाला कळलं, आणि प्रत्येकाने मान खाली घातली.

आई गर्दीतून पुढे आली. तिने अंगण ओळखलं, झाड ओळखलं, झोक्यावरचा लेक ओळखला. ओट्यावर स्वतःला ओळखलं. मग तिची नजर कवाडाबाहेरच्या बाईवर गेली. तिच्या हातांवर चितारणीने बारीक लाल रेघा काढल्या होत्या.

"ही कोण गं?" आईने विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली.

"अगं, पण बाहेर का?"

"आत कोणी बोलावलं नाही, आई."

मुलगी हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं; आईला उलट बोलता आलं असतं, रडून भांडता आलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली. आईने मग तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. हळदीने पिवळे झालेले तिचे हात पाहिले. त्यांवरचे जुने, पांढरे पडलेले ओरखडे हळदीतूनही दिसत होते. हे हात आपल्याला रोज वाढत होते, आणि आपण ते कधी पाहिले नाहीत, हे त्या माउलीला त्या क्षणी कळलं. असं कळण्यासारखं दुसरं दुःख नाही.

ती चितारणीकडे वळली. "हिला आत घे. आत्ताच्या आत्ता."

"हा तिचा पट आहे. तिने भरलं म्हटलंय."

"मग माझ्या पटावर हिला काढ. माझ्या मांडीवर काढ."

"तूही भरलं म्हणालीस, बाई," चितारीण म्हणाली. "मी विचारलं होतं, आणखी कोण. तुझ्या गुडघ्याशी बसलेल्या या पोरीकडे बघूनच विचारलं होतं. एकदा नाही, पुन्हा विचारलं होतं."

आई तडक घरात गेली. तिने भिंतीवरचा पट काढला, छातीशी धरला आणि चालायला लागली. लोकांना वाटलं, पट मांडवात आणतेय. पण ती मांडवाकडे वळली नाही. ती उतारावरून खाली गेली, तळ्याकडे. जिने तळ्याचा थेंबसुद्धा नको म्हटलं होतं, ती बाई घोटाभर पाण्यात उतरली, मग गुडघाभर, मग कमरेइतक्या. तिने पट पाण्यात बुडवला.

काठावरून लोक ओरडले, "अगं बाई, काय करतेस? तुला पुढे घर राहणार नाही!"

"नसू दे!" ती ओरडली.

रंग सुटायला लागले. आधी कुंपण गेलं, मग झाड गेलं. ती दोन्ही हातांनी कापड चोळत होती आणि मोठ्याने रडत होती. झोका गेला. झोक्यावरचं तोंड शेवटी गेलं. ते जाताना तिचे हात थांबले. तिने ते तोंड गालाशी धरलं आणि मग पाण्यात सोडलं. मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा ती इतकी रडली नव्हती.

मुलगी धावत आली आणि लग्नाच्या शालूनिशी पाण्यात उतरली. तिने आईला मागून धरलं.

"आई, दादा गेला गं. तू दादाला का घालवलंस?"

"तो कधीच गेला होता," आई म्हणाली. "मी तुला घालवत होते."

मग तिने मुलीचे हात धरले आणि त्यांवर फुंकर घातली. त्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. तरी ती फुंकर घालत राहिली.

काठावर आल्यावर आई म्हणाली, "तुझाही पट दे. तोही धुऊन टाकते. तू बाहेर उभी आहेस ते मला बघवत नाही."

मुलीने मान हलवली. "नको. यात दादा आहे, बाबा आहेत. त्यांचे चेहरे आता एवढ्यातच राहिलेत. हा माझ्यापाशी असू दे."

गाड्या निघायला उशीर झाला. नवऱ्या मुलाकडची माणसं समजूतदार होती, त्यांनी घाई केली नाही. संध्याकाळी मुलगी सासरी गेली. आई वेशीपर्यंत चालत गेली आणि गाडी दिसेनाशी होईतो उभी राहिली.

त्यानंतर आईच्या भिंतीवर काही नव्हतं. कोरं कापड तिने घडी करून ठेवलं. चितारीण अधूनमधून यायची आणि म्हणायची, "कापड कोरं आहे, बाई. पुन्हा बस. आता तरी सांग." कोऱ्या कापडाला नियम लागू नव्हता.

आई म्हणायची, "सांगेन. पण आत्ता नको. शिंगाड्याच्या दिवसांत पोर येणार आहे, त्याची तयारी करतेय."

पोर यायची. दोघी मिळून तळ्यात उतरायच्या, वेली उचलायच्या, एकमेकींचे काटे काढायच्या. आई बोलायची, विचारायची, ऐकायची. मुलगीही हळूहळू बोलायला शिकली. तिचं लहानपण मात्र परत आलं नाही. ते कोणालाच परत आणता येत नाही, आणि आईने तसं कधी ढोंगही केलं नाही. ती निघाली की आई पुन्हा पुढच्या वर्षाची वाट बघायला लागायची. पट सांगायचा राहून जायचा, तो राहूनच गेला.

एके वर्षी मुलगी आली ती आईच्या निरोपासाठीच. आई शांतपणे गेली, मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून.

गाव जमलं. कोरं कापड बाहेर काढलं आणि माणसं कुजबुजायला लागली. आता ही बिचारी जाणार कुठे? हिला तर घरच नाही.

तेव्हा मुलीने आपली पेटी उघडली. स्वतःचा पट काढला आणि आईच्या अंगावर पांघरला. अंगण, पेरूचं झाड, झोक्यावर मुलगा, गाठ बांधणारा नवरा आणि ओट्यावर ती. आईचं हरवलेलं घर तिला जसंच्या तसं मिळालं.

चितारीण आता काठी टेकत चालायची. ती म्हणाली, "पोरी, तुझं पुढचं घर तू देऊन टाकलंस. आणि या पटावर तू अजून बाहेरच उभी आहेस. कवाडाला आतून कडी आहे."

मुलीने आईच्या पायांवरून पट नीट केला.

"असू दे," ती म्हणाली. "मी बाहेर आहे, हे आता आईला माहीत आहे. मी आले की ती उठून कडी काढेल."

बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तात्पर्य एवढंच: गेलेल्यांसाठी स्वर्ग रचताना जवळच्या जिवंत माणसाला दाराबाहेर उभं करू नये.